वसुली

पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा मोबदला पुरेपूर पदरात पडला की नाही, हे पाहण्याची सवय मला अगदी लहानपणापासून आहे. ती चांगली की वाईट, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. आमचे वडील खाणावळीतून जेवून आले की ओसरीवर चपला काढता काढताच 'आज ताटाचे पैसे फिटले' किंवा 'आज फिटले नाहीत' असा निकाल देत. आणि मी स्वतः पुढे चौतीस वर्षे एका सहकारी बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालविली. तेव्हा 2024 च्या मे महिन्यात आम्ही उभयता जर्मनीत मुलाकडे गेलो असता तेथून चार दिवस पॅरिसला जाऊन यावे असे ठरले, त्या वेळी मी प्रथम काय केले असेल हे चतुर वाचकांनी ओळखलेच असेल. मी एक कोरा कागद घेतला, त्याच्या मधोमध उभी रेघ ओढली, आणि एका बाजूस 'पास' व दुसऱ्या बाजूस 'सुटी तिकिटे' असे मथळे लिहिले.

पॅरिसमध्ये संग्रहालयांचा एक पास मिळतो. तो जवळ असला म्हणजे त्या शहरातील व आसपासची पन्नासांहून अधिक संग्रहालये आणि जुन्या इमारती वेगळे तिकीट न काढता पाहता येतात. पहिल्या दारातून पाऊल आत पडले की त्याचे घड्याळ सुरू होते, आणि 48, 96 किंवा 144 तासांनी, आपण पैसे दिले असतील त्याप्रमाणे, ते बंद पडते. त्या वर्षी 48 तासांस 62 युरो, 96 तासांस 77 आणि 144 तासांस 92 असा भाव होता. विकणाराचे कौशल्य पाहण्यासारखे आहे. पहिल्या दोन दिवसांना 62 युरो, पण पुढच्या दोन दिवसांना केवळ 15! भाजीवाली वाटा मोजून झाल्यावर वर आणखी मूठभर टाकते आणि मग आपण नको असलेला दुसरा वाटाही घेतो, त्यातलाच हा प्रकार. आमच्या चार दिवसांतील एक येण्यात, एक जाण्यात मोडत होता, म्हणून मी तो मोह आवरला आणि 48 तासांचाच विचार सुरू केला.

कागदावरील आकडे असे होते : लूव्र 22 युरो, ओर्से 16, सँत-शापेल 13, ओरांजरी साडेबारा. बेरीज साडेत्रेसष्ट. म्हणजे दोन दिवसांत ही चार ठिकाणे पाहिली तर पासाचे 62 युरो फिटून वर दीड युरो उरत होता. आणि पाचवे एखादे पदरात पडले तर ते निव्वळ नफ्यात. एका युरोस त्या वेळी सुमारे 90 रुपये पडत होते. ज्या माणसाने आयुष्यभर पावटक्क्यावर डोळा ठेवला त्याला दीड युरोचा नफा तुच्छ वाटत नाही. दुसऱ्या बाजूस अटीही होत्या. प्रत्येक ठिकाणी प्रवेश एकदाच. आयफेल मनोरा या पासात नाही. लूव्रसारख्या ठिकाणी पास असला तरी येण्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. सोमवारी ओर्से बंद, मंगळवारी लूव्र आणि ओरांजरी बंद. या सर्व अटी मी क्रमांक घालून लिहून काढल्या आणि मुलाला वाचून दाखविल्या. तो हसून म्हणाला, "बाबा, पैसे मी देतो. तुम्ही नुसते जाऊन या." परंतु पैसे कोणी द्यायचे हा प्रश्नच नव्हता. ते फिटतात की नाही, हा होता.

आणि खरे सांगायचे तर तोही नव्हता. कागदावर न लिहिलेली आणखी एक बाब माझ्या मनात होती. 2021 साली आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निघाले. मोतीबिंदू काढून टाकता येतो. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू मरते; बहुधा कडेचे दिसणे आधी जाते, आणि गेलेले परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेले राखावयाचे, एवढेच हाती असते. समोरचे अक्षर तिला आजही स्वच्छ वाचता येते. पण बाजूने कोणी आले तर ते एकाएकी अंगावर आल्यासारखे वाटते, आणि उतरत्या पायऱ्यांचा अंदाज येत नाही. डॉक्टरांनी धीर दिला होता : जे आहे ते टिकवू. मी मात्र त्या वाक्याचा मनाशी निराळाच अर्थ केला. मला वाटले, आहे तोवर जितके दाखविता येईल तितके दाखविले पाहिजे. एखाद्या बँकेविषयी भलतीसलती बातमी उठली म्हणजे ठेवीदार जसे सकाळीच दारात रांग लावतात, तशी माझ्या मनाची अवस्था झाली होती. अशा माणसाला 'अठ्ठेचाळीस तासांत पन्नास ठिकाणे' हे शब्द कसे वाटतील, याची कल्पना करावी.

तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काय, तुम्ही न्याल तिकडे येईन. पण पास घेतलात म्हणजे तुम्ही मला बसू देणार नाही."

"बसायला काय पॅरिसला जायचे?" मी म्हणालो, आणि दोन पास घेतले. एकशे चोवीस युरो.

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आम्ही लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडखाली होतो. या वाड्यात सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत असे मी वाचले होते. रांगेत उभा असताना मी त्याचाही हिशेब केला : प्रत्येक वस्तूस दहा सेकंद दिले तरी सत्त्याण्णव तास होतात. म्हणजे अन्नपाणी व झोप वर्ज्य करूनही माझे दोन पास त्या एका इमारतीतच खर्ची पडले असते! म्हणून मी निवडक दहांची यादी केली होती, आणि त्या यादीच्या मागे मी व माझ्या सदऱ्याची बाही धरून ती, अशी आमची वरात निघाली. जिन्यावर पंख पसरून उभी असलेली ती मस्तकहीन विजयदेवता झाली. हम्मुराबीचा काळा शिलालेख झाला. मग मोना लिसा. केवळ 77 सेंटिमीटर उंचीचे ते चित्र, आणि त्याच्यासमोर वर उचललेल्या हातांचे रान! त्या गर्दीत दोन्ही बाजूंनी माणसे येत होती, आणि प्रत्येक धक्क्याला ती दचकत होती. तिने मोना लिसेकडे पाहिले, मग पाठ फिरवून समोरच्या भिंतीवरील व्हेरोनेसेच्या त्या प्रचंड मेजवानीच्या चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, "हे बरे आहे. याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही." मी यादीवर खूण केली आणि म्हणालो, "चल."

दुपारी सँत-शापेल. लुई नवव्याने बांधविलेले आणि 1248 साली पवित्र केलेले हे देवालय हल्ली न्यायालयाच्या आवारात आहे. त्यामुळे पास असो वा नसो, झडतीच्या रांगेतून कोणाचीच सुटका नाही. एका अरुंद, गोल जिन्याने वर गेलो, आणि भिंती कोठे गेल्या हेच क्षणभर कळेना. चोहोंकडे पंधरा मीटर उंचीच्या रंगीत काचाच काचा, आणि त्यांतून येणाऱ्या उन्हाने फरशीवर सांडलेले तांबडे-निळे कवडसे. तिने आपला तळहात पुढे करून त्यावर एक निळा तुकडा झेलला. मी घड्याळाकडे पाहिले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी घड्याळाकडे पाहिले हे खरे आहे. गुरुवारी ओर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते, हे मी आधीच टिपून ठेवले होते.

उतरताना मात्र माझ्या टिपणाबाहेरची गोष्ट घडली. त्या अंधाऱ्या गोल जिन्यात, प्रखर उजेडातून आल्यावर, तिला पायऱ्याच दिसेनात. भिंतीला हात लावून, एकेक पाऊल चाचपून ती उतरू लागली. मागे माणसे खोळंबली. कोणी अक्षर बोलले नाही. परंतु त्या शांततेचाच तिला भार झाला असावा. खाली आल्यावर तिच्या कपाळावर घाम होता. "आज आता पुरे," ती म्हणाली. ओर्से राहिले.

रात्री हॉटेलात तिच्या डोळ्यांत थेंब घातल्यावर मी पुन्हा कागद उघडला. बावीस आणि तेरा, पस्तीस. उद्याचे साडेबारा मिळवून साडेसत्तेचाळीस. माणशी साडेचौदा युरो बुडत होते. विजयकमानीचे तिकीट 16 युरो. ते धरले तर भरपाई होत होती, पण तिला 284 पायऱ्या. तो विचार सोडला. रोदँ या शिल्पकाराचे संग्रहालय 14 युरो. ते मात्र जमण्यासारखे होते. डोळे मिटून पडल्यापडल्या ती म्हणाली, "किती बुडाले?" मी म्हणालो, "काही नाही. झोप." आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कागदांचा आवाज तिला पाठ झाला आहे.

शुक्रवारी सकाळी आम्ही ओरांजरीत गेलो. हे पूर्वी राजवाड्याच्या बागेतील संत्र्यांची झाडे हिवाळ्यात ठेवण्याचे घर होते. क्लोद मोने या चित्रकाराने पहिले महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 12 नोव्हेंबर 1918 रोजी, आपल्या कमळांच्या तळ्याची चित्रे फ्रान्सला देऊ केली. ती वाढत वाढत जाऊन, 1926 च्या डिसेंबरात तो वारल्यानंतर, 1927 च्या मे महिन्यात येथे लोकांस पाहावयास मिळाली. दोन अंडाकृती दालने, आणि त्यांच्या वळणाऱ्या भिंतींवर सुमारे दोन मीटर उंचीची, लांबच लांब आठ चित्रे. छतातून नुसता आकाशाचा उजेड. मधे एक बाक.

तिने तो बाक पाहिला आणि ती बसली.

दहा मिनिटे झाली. मी एक फेरी मारली, दुसरी मारली. "जायचे का?" मी विचारले.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "तो चौदा युरोंचा पुतळा पाहून या. मी इथेच आहे. इथे बाक आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच मला जाणे सोपे वाटले, आणि मी गेलो. नदीवरचा पूल ओलांडून, वीस-पंचवीस मिनिटे भराभर चालून रोदँच्या वाड्यात शिरलो. बागेत तो सुप्रसिद्ध विचारमग्न पुरुष हनुवटीस हात लावून बसला होता. इतकी वर्षे मी त्याची चित्रे पाहिली होती; प्रत्यक्ष पाहताना वाटले, हाही कसला तरी हिशेब जुळत नाही म्हणून असा बसला आहे. ही कल्पना मला फार आवडली, आणि मी शेजारी वळून मोठ्याने म्हणालो, "हे बघ!"

शेजारी कोणी नव्हते. एक परकी बाई माझ्याकडे पाहून सौजन्याने हसली.

तिची कडेची दृष्टी जाऊ लागल्यापासून 'हे बघ' हे दोन शब्द माझ्या तोंडी दिवसातून शंभर वेळा येतात. पायरी आहे, हे बघ; डावीकडे सायकल आली, हे बघ; गुलमोहोर फुलला, हे बघ. मी तिला दाखवितो आहे अशी माझी समजूत होती. तिला दाखविल्यावाचून मलाच काही दिसेनासे झाले आहे, हे त्या बागेत ध्यानात आले. आतील दालने मी पाहिली. पण काय पाहिले ते आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. चौदा युरो मात्र जमा झाले. बेरीज साडेएकसष्ट. बासष्टांना अर्धा युरो कमी!

मी तसाच उलट पावली निघालो. ओरांजरीच्या दाराशी येऊन खिशातून पास काढला, आणि माझा मीच जागच्या जागी थबकलो. प्रत्येक ठिकाणी प्रवेश एकदाच! माझ्या कागदावरील अट क्रमांक एक. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारलेली. ती आत होती. तिचा फोन माझ्या पिशवीत होता. कोणावर चिडावे असे कोणी नव्हते. नियम मला तोंडपाठ होता आणि तो मोडून बाहेर पडणारा मीच होतो. मी निमूटपणे तिकिटांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

त्या रांगेत मला पाऊण तास लागला. तेवढ्यात किती गोष्टी मनात याव्या! तिला उठावेसे वाटले तर? बाहेर पडताना एखादी पायरी असली तर? आणि मधूनच, काही कारण नसता, आईची आठवण झाली. फार वर्षांपूर्वी मी आईला दोन दिवसांत अष्टविनायक उरकणाऱ्या बसने नेले होते. सात ठिकाणी आम्ही धावतपळत दर्शन घेतले. लेण्याद्रीला मात्र तिला चढवेना, म्हणून ती खालीच एका दगडावर बसली आणि आम्ही येईपर्यंत डोंगराकडे पाहत राहिली. पुढे त्या यात्रेचा विषय निघाला की ती लेण्याद्रीबद्दलच बोले. जणू काय बाकीचे सात तिने पाहिलेच नव्हते. मी त्या वेळी मनात म्हणे, हिचे एक दर्शन बुडाले.

साडेबारा युरो मोजून मी आत गेलो. ती दुसऱ्या दालनात जाऊन बसली होती.

"आलात? फिटले का?"

"अर्धा युरो राहिला," मी म्हणालो. "आणि परत यायला साडेबारा द्यावे लागले."

ती इतकी हसली की शेजारच्या मुलीने वळून पाहिले. मग थोडे सरकून तिने मला जागा करून दिली. "बसा आता. ढग आला की ते निळे कसे काळवंडते, ते बघा. मघापासून तीनदा झाले. आणि इथे मला एक सोय आहे. या चित्राचे दुसरे टोक कोणालाच सरळ बसून दिसत नाही. सगळ्यांनाच मान फिरवावी लागते."

मी पाहिले. खरेच, त्या दालनातील प्रत्येक माणूस सावकाश मान फिरवीत होता. ज्या माणसाने हे पाणी रंगविले त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. रंग ओळखू येईनात म्हणून तो हताश होई, आणि 1923 साली उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावरही त्याने या चित्रांवरील काम सोडले नाही. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "म्हणूनच त्याने घाई केलेली दिसत नाही." आम्ही बंद होण्याच्या वेळेपर्यंत तेथे होतो असे लिहिले तर गोष्टीला शोभा येईल, पण आम्हाला भूक लागली होती आणि आम्ही दीड वाजता उठलो. पास अजून साडेएकोणीस तास जिवंत होता. तो आम्ही पुन्हा वापरला नाही. संध्याकाळी आयफेल मनोऱ्याखाली गेलो. वर न जाता, पंढरीच्या गर्दीत कळसाचे दर्शन घेतात तसे खालूनच हात जोडून परतलो.

आता माझा हिशेब. दोघांच्या पासांना 124 युरो पडले. आम्ही जे पाहिले त्याची सुटी तिकिटे 109 युरोंत आली असती. तोटा पंधरा युरो, म्हणजे सुमारे साडेतेराशे रुपये. आणि दुसऱ्यांदा आत जाण्याचे साडेबारा निराळेच. पॅरिसला निघालेला कोणी स्नेही मला सल्ला विचारतो, तेव्हा मी त्याला प्रामाणिकपणे सांगतो : पाय तरुण असतील, एका दिवसात तीन ठिकाणे पाहण्याची हौस असेल, तर आकडे पासाच्याच बाजूने आहेत. तुम्ही दोन दिवसांत खरोखर किती ठिकाणे पाहाल ते लिहा, त्यातून एक वजा करा, आणि मग बेरीज करा. दर वर्षागणिक बदलतात, पण हे एक वजा करणे कधीही चुकणार नाही. बरोबर कोणी थकणारे असेल तर दोन वजा करा.

हा सल्ला देताना मी बहुधा आणखीही काही बोलतो. पास म्हणजे कर्ज आहे, तो घेतला की माणूस देणेकरी होऊन धावत सुटतो, वगैरे वगैरे. असेच एकदा मी दिवाणखान्यात रंगात येऊन सांगत असता आतून आवाज आला, "पासाला कशाला नावे ठेवता? बावीस युरोंचे सुटे तिकीट काढले असते, तर तुम्ही मला लूव्रमधून संध्याकाळपर्यंत बाहेर येऊ दिले नसते. पास होता म्हणून सुटले!"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ज्याला दारातून सहज आत जाऊन सहज बाहेर येता येते त्याच्या हातात तोच पास घरच्या किल्लीसारखा असतो. माझ्या हातात तो वसुलीची नोटीस झाला. दोष त्या कागदाच्या तुकड्याचा नव्हता.

थेंब अजून रोज रात्री घालावे लागतात. ते घातल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून पडावयाचे असते, आणि ती पाच मिनिटे मी घड्याळावर मोजीत शेजारी बसतो. पूर्वी त्या वेळात मी दिवसाचा खर्च लिहून काढीत असे. हल्ली कधी कधी ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणते, "आता ढग आला." मग मी वही बाजूस ठेवतो.